शिमनभाऊंची क्षमा

धुळ्याच्या पारोळा चौफुलीपासून थोडं पुढे, जिथे ट्रकवाले चहाला थांबतात, तिथे शिमोन नथ्थू बागुल यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर शिमोन आहे. पण खानदेशात पाटीवरचं नाव आणि हाकेचं नाव यांचं नातं चुलतभावांसारखं, लग्नकार्यापुरतं. शिमोनचं शिमन झालं, शिमनला भाऊ चिकटलं, आणि मूळ नाव आता फक्त पाळकसाहेबांच्या तोंडी उरलं आहे.

चौफुलीवर त्यांची ख्याती क्षमाशील माणूस म्हणून आहे. गिऱ्हाईकानं शिवी दिली तर ते हसतात. शेजारच्या पंक्चरवाल्यानं दुकानासमोर टायरांची चळत लावली तर त्याला बोलावून चहा पाजतात. हे कौतुकानं सांगणाऱ्यांनी चहा पाजताना शिमनभाऊंचं तोंड जवळून पाहिलेलं नसतं. ते सावकाश ओततात, काठोकाठ ओततात, आणि ओतून झालं की समोरच्याच्या कपाळाकडे टक लावून बसतात, जणू तिथून आता धूर निघायचा आहे.

धुराची वाट बघण्याची ही सवय त्यांना सख्ख्या भावामुळे लागली.

वडील नथ्थूबाबा चोपड्याकडच्या खेड्यांत मास्तर होते आणि रविवारी उपदेश करायचे. शुभवर्तमानात एकाच जाळ्यानं मासे धरणारे दोन भाऊ आहेत; बाबांनी आपल्या मुलांना त्यांचीच नावं दिली. थोरला शिमोन, धाकटा अंद्रिया. तापी जवळ असूनही या दोघांनी मिळून कधी एक मासा धरल्याचं कोणाला आठवत नाही. शिमोन शाळेत रमला नाही, ट्रकांच्या मागे लागला, आणि गॅसच्या ज्योतीवर रेडिएटर झाळून झाळून त्याच्या हातांची कातडी बुटाच्या तळव्यासारखी झाली. उकळत्या इंजिनाचं झाकण तो फडकं न घेता उघडतो. अंद्रिया शिकला, जळगावच्या एका खासगी शाळेत मराठीचा शिक्षक झाला, आणि चर्चमध्ये प्रार्थनेला उभा राहू लागला. त्याची प्रार्थना ऐकून देवालाही शुद्धलेखनाची धास्ती वाटावी, इतकी ती नेटकी असते.

बाबांना लकवा मारला तेव्हा आई आधीच गेलेली होती. बाबा थोरल्याकडे धुळ्याला आले. त्या दिवशी शिमनभाऊंनी बाजारातून एक मोठी पितळी कड्यांची बादली आणि एक रबरी चादर आणली, दोन्ही घरात ठेवल्या, बाबांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि ते दुकानात गेले. घरी त्यांची बायको सुवार्ता होती. बाई नवापूरकडची, कामाला वाघ, बोलायला मुंगी. त्यानंतर तीन वर्षं कोणीही विचारलं, "बाबा कसे आहेत?" की शिमनभाऊ मान हलवून म्हणायचे, "माझ्याकडेच आहेत ना. करतो आपलं जेवढं होतं तेवढं."

हे ते मनापासून म्हणायचे, हे आधीच नोंदवलेलं बरं.

अंद्रिया नाताळला यायचा, उन्हाळ्याच्या सुट्टीत यायचा, बिस्किटांचा मोठा डबा आणायचा. बाबांना बिस्किटं चावत नसत. एका वर्षी तो उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी आला. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तो हा दिवस. अंद्रियानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या, बाबांचे पाय बादलीत घेतले आणि धुतले. त्याच्या बायकोनं, मोहिनीनं, फोटो काढला. फोटो संध्याकाळपर्यंत जळगावच्या मंडळीतल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर पोचला. पाय नीट पुसायचे राहिले होते. ते सुवार्तानं पुसले. ती फोटोत नव्हती.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी बाबा गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे चोपड्याला माती दिली. धुळ्याची, जळगावची, अमळनेरची मंडळी जमली. आमच्याकडे दफनाच्या वेळी साक्ष द्यायची रीत आहे. उभं राहायचं आणि गेलेल्या माणसाच्या आयुष्यातून आपल्याला देवाचं काय दिसलं ते सांगायचं. कोर्टातल्या साक्षीपेक्षा ही बरी, कारण उलटतपासणी नसते.

शिमनभाऊंना बोलायचं होतं. ते उठले, "बाबा..." एवढं म्हणून ते खाली बसले. मग अंद्रिया उठला.

"या हातांनी," दोन्ही तळवे पुढे करून तो म्हणाला, "या हातांनी मी माझ्या बाबांचे पाय धुतले. ते पाणी अजून माझ्या हातांवर आहे. सेवेचं हे भाग्य प्रभूनं माझ्यासारख्या अपात्र मुलाला दिलं."

बायका रडल्या. पुरुषांनी चष्मे पुसले. शिमनभाऊ मूठभर माती हातात घेऊन खड्ड्याच्या कडेला उभे होते, तेवढ्यात जळगावच्या मार्थाअक्का त्यांच्याजवळ आल्या. सगळ्या मंडळीची सुखदुःखं तोंडपाठ असलेली ही म्हातारी. अगदी मायेनं, पाठीवर हात ठेवून म्हणाली, "शिमनभाऊ, तुम्हीन बी मधूनमधून बापले देखाले येत जाता तं बरं व्हतं. बाप एकच ऱ्हास."

बापाचं मरण शिमनभाऊंनी पचवलं. हे वाक्य पचवलं नाही.

भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं जाऊन त्याला सांगावं, असा शास्त्राचा नियम आहे. शिमनभाऊ नियमानं चालणारे. ते आठवड्याभरातच एकटे जळगावला गेले. पिशवीत टायर काढायची पहार होती. ती तिथल्या एका गिऱ्हाईकाला द्यायची होती, असं त्यांचं म्हणणं आहे.

अंद्रिया वऱ्हांड्यात पेपर तपासत बसला होता.

"अंद्या, तू बापना पाय धोयात?"

"धुतले ना, भाऊ. फोटो आहे."

"कितींदा?"

"आता पाय धुतल्याचा हिशेब ठेवायचा का?" अंद्रियानं लाल पेन खाली ठेवलं. "मी 'रोज धुतले' म्हटलं का? शब्द आठव, भाऊ. 'धुतले' म्हटलं. भूतकाळ. क्रिया एकदा झाली तरी तो भूतकाळच."

शिमनभाऊंनी शब्द आठवून पाहिले. शब्दांत खरंच काही सापडेना, म्हणून त्यांना जास्तच राग आला.

"मंग लोकेस्ना समज काय व्हयना?"

"लोकांच्या समजुतीला मी काय करू? वाक्यात चूक असेल तर दाखव."

"मी सांगस तुले काय करानं ते. चर्चमा उभा ऱ्हाय आनि बठ्ठास्ना समोर सांग, बाबा भाऊना घर व्हता, बठ्ठं भाऊनी कयं."

"मग मी खोटं बोललो असं होईल."

"बोलनाच शे तू!"

"भाऊ, तू रागात आहेस," अंद्रिया शांतपणे म्हणाला. "ये, आपण प्रार्थना करू."

डोळे मिटून प्रार्थना करणाऱ्या भावाला मारता येत नाही, ही ख्रिस्ती घरातली फार मोठी अडचण आहे. अंद्रियानं लांब प्रार्थना केली. तीत 'माझ्या थोरल्या भावाच्या मनातला कडवटपणा' दोनदा आला. शेवटी 'आमेन' म्हणणं भाग होतं. शिमनभाऊ आमेन म्हणाले, मोहिनीनं आणलेला चहा प्यायले, आणि पहार घेऊन तसेच परत आले. गिऱ्हाईक बहुधा भेटलं नसावं.

त्यानंतर काही रविवार ते चर्चमध्ये मागच्या बाकावर बसत. उपदेशात त्यांचं लक्ष नसे. एका रविवारी मात्र पाळकसाहेब शत्रूविषयी बोलत होते. शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाला, तहानलेला असेल तर पाणी द्या. असं केल्यानं त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास होते, अशा अर्थाचं वचन त्यांनी वाचलं. पुढे त्यांनी समजावून सांगितलं की इथे निखारे म्हणजे लाज, पश्चात्ताप, अंतःकरणाचं वितळणं. शिमनभाऊ तिथपर्यंत पोचले नाहीत. ते निखाऱ्यांपाशीच थांबले होते.

उपासना संपल्यावर त्यांनी दारात पाळकसाहेबांना गाठलं. "साहेब, हे निखाऱ्यांचं खात्रीचं आहे ना?"

"शास्त्र आहे, शिमोनभाऊ. खोटं कसं असेल?"

"डोक्यावरच पडतात?"

"अलंकारिक अर्थानं."

"पडतात पण."

"पडतात," पाळकसाहेब म्हणाले. त्यांना वाटलं, एका दुखावलेल्या जिवाला मार्ग सापडला. एका अर्थी सापडलाच होता.

पुढच्याच आठवड्यात अंद्रियाच्या कुटुंबाला धुळ्याला भरिताचं आमंत्रण गेलं. हिवाळा सुरू झाला होता. शिमनभाऊंनी बामणोदची हिरवी वांगी मागवली. परसात कपाशीच्या काड्या पेटवून सुवार्तानं ती भाजली, सोलली, लाकडी बडगीत ठेचली. कळण्याच्या पुऱ्या लाटल्या. शिमनभाऊ भावाच्या समोर मांडी घालून बसले आणि स्वतः वाढू लागले. एक वाढणी झाली, दुसरी झाली. अंद्रियाच्या कपाळावर घाम आला. शिमनभाऊंच्या अंगावर काटा उभा राहिला.

"काय होतंय रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"मिरची, भाऊ. झणझणीत आहे. पण काय चव! आणखी वाढ."

शिमनभाऊंनी आणखी वाढलं.

त्या हिवाळ्यात अंद्रियावर प्रेमाचा जो मारा झाला, त्याची तुलना करायला मला दुसरं काही आठवत नाही. सावद्याच्या एका ट्रकवाल्याकडून केळीचे घड जळगावला पोचते होऊ लागले. अंद्रियाच्या जुन्या गाडीचा रेडिएटर शिमनभाऊंनी सुट्टीच्या दिवशी जाऊन दुरुस्त केला, आणि नंतर, काही बिघडलेलं नसताना, पुन्हा केला. अंद्रियाच्या पित्ताशयातले खडे काढायची वेळ आली तेव्हा शिमनभाऊ दुकान बंद ठेवून दवाखान्यात बसून राहिले. शुद्धीवर येताना अंद्रियाला पहिलं दिसलं ते भावाचं तोंड, अगदी जवळ, कपाळाकडे बघत असलेलं. तो दचकला. नर्स म्हणाली, असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

दवाखान्यात सूप जायचं, मऊ खिचडी जायची, मेथीचे लाडू जायचे. ते करून डब्यात भरून द्यायचं काम सुवार्ताकडे होतं. एकदा डब्याचं झाकण लावताना तिनं विचारलं, "किती दिवस चालायचं हे?"

"त्यानं सगळ्यांसमोर कबूल करेपर्यंत."

"काय कबूल करायचं?"

"की बाबांचं मी केलं."

सुवार्तानं झाकण लावलं, पिशवीत चमचा टाकला आणि पिशवी नवऱ्याच्या हातात दिली. शिमनभाऊंना घाई होती. ते निघून गेले.

निखाऱ्यांनी माणूस भाजून निघतो अशी अपेक्षा. अंद्रिया गुटगुटीत झाला. बरा झाल्यावर पहिल्या रविवारी त्यानं जळगावच्या मंडळीत साक्ष दिली, "माझा भाऊ! शत्रूवरसुद्धा प्रेम करील असा माझा भाऊ!" शिमनभाऊ तिथे हजर होते. 'शत्रू' शब्द कानावर पडताच त्यांच्या मनात आलं, कळलं याला, आता बोलेल. अंद्रियाला काहीही कळलं नव्हतं. तो फक्त आभार मानत होता. आणि आभार मानता मानता त्यानं पुन्हा एकदा, जाता जाता, बाबांच्या पायांचा उल्लेख केला.

त्या दिवशी परतताना एस. टी.त शिमनभाऊ स्वतःशीच बोलत होते, असं शेजारच्या प्रवाशानं नंतर चौफुलीवर सांगितलं. "निखारे इझी गयात," असं काहीतरी. म्हणजे निखारे विझून गेले.

वर्ष फिरून पुन्हा उन्हाळा आला, आणि बातमी आली की ईस्टरनंतर जळगावच्या मंडळीत अंद्रियाला पंच नेमणार. पंच म्हणजे मंडळीच्या कारभारातला माणूस. भांडणं मिटवायची, कोण सरळ चालतो, कोण वाकडा, हे बघायचं. नेमणुकीचं कारण मार्थाअक्का सगळ्यांना सांगत होत्या, "बापना पाय धुनारा मानूस शे तो."

शिमनभाऊंनी हे ऐकलं आणि त्यांना एक शांत, स्वच्छ विचार सुचला. त्यांनी जळगावच्या पाळकसाहेबांना फोन लावला. उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशीच्या उपासनेत दरवर्षी पाळकसाहेब काही जणांचे पाय धुतात. यंदा एकाचे पाय मला धुऊ द्याल का? माझ्या धाकट्या भावाचे? पाळकसाहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. ते म्हणाले, "शिमोनभाऊ, मी तीस वर्षांच्या सेवेत असं ऐकलेलं नाही." आणि यात ते अगदी बरोबर होते.

बेत असा होता. सगळ्या मंडळीसमोर खाली बसायचं. अंद्याचा पाय दोन्ही हातांत पक्का धरायचा, आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणायचं, "आते सांग. नही तं मी सांगस." पाय दुसऱ्याच्या हातात असलेला माणूस उठून प्रार्थना करू शकत नाही. दुकानात गिऱ्हाईक नसताना शिमनभाऊंनी एका जुन्या रेडिएटरसमोर गुडघे टेकून या वाक्याची तालीमही केली. पंक्चरवाल्याला वाटलं, भाऊ प्रार्थना करताहेत. त्यानं टायर थोडे बाजूला सरकवले.

निघायच्या दिवशी सुवार्ता साडी बदलून तयार होती.

"तू कुठे?"

"मीपण येते."

शिमनभाऊंना बरं वाटलं. आपला विजय बघायला घरचं कोणीतरी असावं.

एप्रिलातल्या जळगावात उन्हं उतरली तरी भिंती तापलेल्याच असतात. टाकीवरचा नळ सोडला की येणारं पाणी हात आखडून घ्यायला लावतं. इतर कोणी असता तर त्यात माठातलं गार पाणी घातलं असतं. पण शिमनभाऊंच्या मनात बाबांचे पाय धुण्याचं जे चित्र होतं, त्यात बादलीतून वाफा निघत होत्या. सकाळी दुकानाला जाताना ते तेवढंच बघत आले होते: स्वयंपाकघरातून वाफाळती बादली बाबांच्या खोलीकडे जाताना. थंडीच्या दिवसांत बघितलेलं असणार. ऋतूकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. चर्चच्या मागच्या खोलीत पाणी तापवायची कांडी होती. ती त्यांनी टाकीच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत सोडली आणि स्तोत्रं संपेपर्यंत सोडून ठेवली. मग हात घालून पाहिलं. शिमनभाऊंच्या हाताला ते पाणी कोमट लागलं.

डाव्या बाजूला पुरुष, उजव्या बाजूला बायका. पहिल्या बाकावर मार्थाअक्का, त्यांच्या शेजारी सुवार्ता. पाळकसाहेबांनी आधी दोन वृद्धांचे पाय धुतले. मग म्हणाले, "आता आपण एक दृश्य पाहणार आहोत, जे मंडळीनं विसरू नये." हेही त्यांचं खरं ठरलं.

अंद्रिया खुर्चीवर बसला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॅन्ट दुमडलेली, डोळे ओलसर. शिमनभाऊ बादली घेऊन आले, समोर बसले, खांद्यावर टॉवेल टाकला. त्यांनी भावाचा उजवा पाय घोट्याशी धरला. पक्का धरला. चर्चमध्ये पंख्यांचा तेवढा आवाज. शिमनभाऊ पुढे वाकले, भावाच्या कानाशी तोंड नेलं, "आते सांग..." म्हणाले आणि पाय बादलीत घातला.

अंद्रियानं जी आरोळी मारली ती शुद्ध अहिराणीत होती. "अय माय वं! मरनू!"

पाय बाहेर येऊ पाहत होता. शिमनभाऊ धरून होते, कारण बेतात धरून ठेवायचंच ठरलेलं होतं.

"भाजस ना भो! सोड! सोड!"

आणि या गोंधळात बायकांच्या बाजूनं एक आवाज आला. मोठा नव्हता, पण मुंगीचा आवाज इतक्या वर्षांत कोणी ऐकलेलाच नसल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला.

"अहो, हातानं नाही कळत. पाय धुवायच्या आधी कोपर बुडवून बघायचं असतं."

शिमनभाऊंनी पाय सोडला. अंद्रियानं तो दोन्ही हातांनी वर धरला. तळवा गाजरासारखा झाला होता.

मार्थाअक्कांनी मान वळवून शेजारच्या बाईकडे पाहिलं. "सुवार्ता, तुले कसं माहीत वं?"

"तीन वर्षं रोज बघत होते ना, अक्का. बाबांची लुळी बाजू, चटका बसला तरी त्यांना सांगता यायचं नाही. म्हणून कोपर. उन्हाळ्यात तर माठातलं पाणी."

"रोज? तूच?"

"सकाळी एकदा. अंथरूण भिजलं तर पुन्हा."

आता पुरुषांच्या बाकांवरही हालचाल झाली. लोक अंद्रियाकडे बघू लागले. त्याच्याकडे व्याकरण होतं, पण पाय हातात धरून बसलेल्या माणसाला ते आठवत नाही.

"अंद्रियाभाऊ?" पाळकसाहेब म्हणाले. त्यांचा स्वर अजून कोवळाच होता. त्यांना दृश्य सावरायचं होतं.

"मी एकदा धुतले होते," अंद्रिया म्हणाला. "एकदाच. मोहिनीनं फोटो काढला होता."

मोहिनी आपल्या मोबाइलकडे बघू लागली.

ज्या वाक्यासाठी शिमनभाऊंनी केळी पाठवली, वांगी मागवली, दवाखान्यात जागरणं केली, ते वाक्य असं भर चर्चमध्ये, साक्षीदारांसमोर येऊन पडलं. त्यांच्या चेहऱ्यावर, सांगणारे सांगतात, अगदी थोडा वेळ उजेड पडला. कारण पुढचा प्रश्न पाळकसाहेबांनी लगेच विचारला, आणि तो त्यांना विचारला.

"आणि तुम्ही, शिमोनभाऊ? बाबा तुमच्याकडे होते. तुम्ही?"

शिमनभाऊ गुडघ्यांवर बसलेले. खांद्यावर टॉवेल. तोंड उघडलं, त्यात 'मी' आलेला होता, तो सगळ्यांना दिसला. उजव्या बाजूला सुवार्ता शांतपणे बघत होती. तिनं नजर काढून घेतली नाही.

"बादली," शिमनभाऊ म्हणाले, "बादली मी आणली होती."

मागच्या बाकावर कोणीतरी हसू दाबायचा प्रयत्न केला. प्रयत्न फसला. मार्थाअक्का उठल्या, दोन्ही भावांच्या मधून, बादलीला वळसा घालून गेल्या, आतून माठातलं पाणी तांब्यात आणलं आणि अंद्रियाच्या पायावर ओतलं. ओतता ओतता म्हणाल्या, "दोन्हीं भाऊ एकना वरचढ एक. नथ्थूबाबानी नावं मात्र चांगली ठेयात."

ईस्टरनंतर जळगावला दुसराच पंच नेमला गेला. अंद्रियानं प्रकृतीचं कारण देऊन आपलं नाव मागे घेतलं. पायाला फोड आला होता, त्यामुळे कारण तसं खोटं म्हणता येणार नाही. वाक्यात त्याची चूक सापडणं कठीणच.

त्या संध्याकाळी नवराबायको धुळ्याच्या गाडीत बसले. एरंडोल आलं. गाडी थांबली, माणसं उतरली, चढली, पुन्हा सुरू झाली. मग शिमनभाऊंनी समोरच्या बाकाकडे बघत विचारलं, "वाफ तुला दिसली नाही का?"

"दिसली."

"केव्हा?"

"तुम्ही बादली घेऊन आलात तेव्हाच."

"मग तेव्हाच बोलायचं ना!"

"तेव्हा बोलले असते तर तुम्ही गार पाणी ओतलं असतं," सुवार्ता म्हणाली. "भावजींचा पाय वाचला असता. तुम्हीपण वाचला असता."

शिमनभाऊंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. लग्नाला पंचवीसेक वर्षं झालेल्या बायकोकडे माणूस जसं सहसा पाहत नाही तसं.

"म्हणजे तू मुद्दाम?"

"तुम्ही म्हणायचा मी केलं. ते म्हणायचे मी केलं. ते जळगावला म्हणायचे, तुम्ही धुळ्याला. दोघं एका जागी, लोकांसमोर सापडतच नव्हता." तिनं खिडकीची काच लावून घेतली, बाहेरून अजून गरम वारा येत होता. "आज पाय बुडेपर्यंत थांबले."

"एवढा राग होता," शिमनभाऊ म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता, "एवढा राग होता तर घरी बोलायचंस."

"घरी बोलून काय उपयोग?" सुवार्ता म्हणाली. "घरी ऐकायला तुम्ही एकटेच."